बँकांवर एवढे नियम असतात, तरी बँका बुडतात कशा?

नियम असतात हो, पण बरेचसे आकडे ठरलेल्या तारखेचे मागतात, आणि तारीख आधीच माहीत असली की काय होतं ते मी बघितलंय. नऊ वर्षं एका बँकेच्या ट्रेझरीत, म्हणजे बँकेचे पैसे सांभाळणाऱ्या खात्यात होतो, रोजचा लिक्विडिटी रिपोर्ट, म्हणजे हाताशी किती पैसा आहे त्याचा हिशोब, माझ्याकडे. तिमाही संपत आली की शेवटच्या तीन-चार दिवसांत ओव्हरनाइट उधारी (एका रात्रीपुरतं घेतलेलं कर्ज) झपकन खाली यायची, ताळेबंद एकदम देखणा, आणि नवीन महिना लागला की सगळं परत होतं तिथे. एकदा मी वर्षभराचे रोजचे आकडे लावून ग्राफ काढला. सरळ चाललेली रेघ आणि तिला बरोबर चार खड्डे. प्रिंट घेऊन साहेबांकडे गेलो, म्हटलं निदान सरासरी तरी वर कळवू. त्यांनी कागद तसाच माझ्याकडे सरकवला, "नियमात बसतोय ना आपण? मग हे मागितलंय कुणी?" दोन महिन्यांत माझं टेबल बदललं.

अमेरिकेतली लेहमन ब्रदर्स ही गुंतवणूक बँक सप्टेंबर २००८ मध्ये बुडाली, तिच्या तपासणीचा अहवाल २०१० ला आला, त्यात तिची रेपो १०५ नावाची युक्ती वाचली आणि तोच ग्राफ डोळ्यासमोर आला. रोखे देऊन उचललेलं कर्ज हिशोबात विक्री म्हणून दाखवायचं, तिमाही संपताना सुमारे ५० अब्ज डॉलर ताळेबंदाबाहेर, थोड्या दिवसांत परत आत.

दुसरं कारण म्हणजे सूट. २००८ नंतर बेसल ३ ने, म्हणजे बँकांसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमांनी, तीस दिवसांच्या ताणाला पुरेल एवढी पटकन मोडता येणारी मालमत्ता ठेवायला लावली, योग्यच केलं, पण अमेरिकेत २०१८ च्या कायद्यानंतर मधल्या आकाराच्या बँकांना सवलती मिळाल्या आणि सिलिकॉन व्हॅली बँकेला हा नियम लागूच नव्हता. ९ मार्च २०२३ ला तिथून एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढले गेले आणि ती बुडाली.

माझं स्पष्ट मत आहे, रोजची सरासरी जाहीर करणं सक्तीचं हवं. बँकेचे निकाल वाचताना तिमाहीअखेरच्या आकड्याशेजारी सरासरी दिलीये का बघा. अर्थात प्रत्येक खड्डा म्हणजे लबाडी नव्हे, करभरणा, मोठ्या ग्राहकांची देणी यानेही आकडे हलतात. आणि आमची बँक बुडाली नाही, हेही खरं. साहेब भेटले की अजून तेच ऐकवतात, "बुडालो का आपण?" नाही बुडालो, कारण त्या वर्षांत सगळे एकदम पैसे मागायला आले नाहीत.

तुम्ही अशा खात्यात असाल तर असलं काही मेलवर लेखी पाठवा, तारखेसकट. मी नुसता कागद दाखवला, आणि आता साहेब म्हणतात असा ग्राफ मी कधी पाहिलाच नाही.