आठव्या दिवशी कॅम्पला जाताना काय न्यायचं

तुम्ही विचारलंय की भूकंपाला आठ दिवस झालेत, दोन डॉक्टर घेऊन ग्रुप निघतोय, तर प्लास्टर-बिस्टरचं सामान किती घेऊ. मी अशा तीन कॅम्पांत राबलेय म्हणून सांगते, ते कमी करा. ढिगाऱ्यातून जिवंत माणसं निघतात ती बहुतेक पहिल्या दोन-तीन दिवसांतच, मोडलेली हाडं तोवर मोठ्या हॉस्पिटलला पोचलेली असतात. तंबूत तुमच्यासमोर येतात ती रोजची दुखणी.

एक आजी आल्या होत्या, म्हणाल्या, "पांढरी बारीक गोळी, सकाळी एक." चिठ्ठी, गोळ्या सगळं घराखाली गेलेलं. बीपी २१०! आठवडाभर गोळी नाही आणि त्यांना वाटत होतं डोकं रडून दुखतंय. म्हणून बीपी, शुगर, दम्याचे पंप, फिटच्या गोळ्या भरपूर न्या, इन्शुलिन गार ठेवायची सोय करा, टीबीचे पेशंट शोधून काढा कारण ते आपणहून सांगत नाहीत, आणि डायलिसिसवाला कुणी असेल तर त्याला त्याच दिवशी चालू सेंटरला पाठवा, तो थांबू शकत नाही.

जखमांचं बघा. घाईत वरवर शिवलेली जखम आत चिघळते, मळलेली असेल तर धुऊन उघडीच ठेवायची, टाके नंतर. आणि धनुर्वाताचं इंजेक्शन दिलंय का हे प्रत्येकाला विचारा, २००५ च्या काश्मीर भूकंपानंतर धनुर्वाताच्या शंभरावर केसेस झाल्या होत्या, त्या टाळता आल्या असत्या याचं मला अजून वाईट वाटतं.

पाणी माणशी रोज निदान १५ लिटर आणि २० माणसांमागे एक संडास, हा हिशोब तिथल्या अधिकाऱ्यांकडे लावून धरा. आमच्याकडे बायका लघवीला जळजळ म्हणून एकामागून एक यायला लागल्या, औषध देत राहिलो, मग एकीने सांगितलं की संडास लांब नि अंधारात म्हणून दुपारनंतर त्या पाणीच पीत नाहीत. दोन दिवे लावले आणि आतून कडी बसवली, तेव्हा कुठे रांग कमी झाली.

ओआरएस, क्लोरीनच्या गोळ्या, बाळंतपणाचे किट हवंच. दूध पावडर वाटू नका, गढूळ पाण्यात कालवली की बाळाला जुलाब, त्यापेक्षा आईला आडोसा नि पोटभर जेवण द्या. घरोघरची उरलेली औषधं गोळा करून तर अजिबात नेऊ नका, निवडण्यातच दोन दिवस जातात.

आणि प्रत्येकाच्या हातात औषधाचं नाव, डोस लिहिलेला कागद द्या, तुमचं रजिस्टर निघताना तिथल्या नर्सताईंकडे सोपवा. तुम्ही गेल्यावर आजींची गोळी त्याच चालू ठेवणार आहेत.