इंग्रजीत 'डक' म्हणजे बदक, मग शून्यावर बाद होणे, डोके खाली घेणे आणि जाड कापड यांनाही 'डक' का म्हणतात?

यांपैकी पहिले तीन अर्थ एकमेकांशी जोडलेले आहेत, कापडाचा 'डक' मात्र केवळ उच्चाराने जुळलेला वेगळा शब्द आहे. व्युत्पत्तिकोशांनुसार पक्ष्यावरून क्रियापद आलेले नसून, बुडी मारणे या अर्थाच्या जुन्या इंग्रजी क्रियापदावरून पक्ष्याला नाव मिळाले. उथळ पाण्यात डोके खुपसून शेपूट वर करणारे बदक ज्याने पाहिले आहे, त्याला हे लगेच पटेल. अंगावर चेंडू येताच फलंदाज झटकन खाली वाकतो, तेही त्याच क्रियापदाने सांगतात. क्रिकेटमधील 'डक' हे मूळच्या 'डक्स एग', म्हणजे बदकाचे अंडे, या शब्दाचे संक्षिप्त रूप आहे, कारण धावफलकावरील ० अंड्यासारखे दिसते. आपण त्याच शून्यात भोपळा पाहिला आणि 'भोपळाही न फोडता बाद' म्हणू लागलो, हे मला फार सुंदर वाटते. शिडांसाठी व खलाशांच्या पाटलोणींसाठी वापरले जाणारे जाडेभरडे कापड मात्र डच भाषेतील 'डूक', म्हणजे कापड, या शब्दावरून आले. एक सावधगिरी बाळगावी: प्रत्येक 'डक'मागे व्युत्पत्ती असतेच असे नाही. दुसऱ्या महायुद्धातील पाण्यात व जमिनीवर चालणाऱ्या अमेरिकी ट्रकला 'डक' म्हणत, ते डीयूकेडब्ल्यू या उत्पादन-संकेतामुळे, आणि त्यातील 'डी' हे अक्षर १९४२ या वर्षाचे निदर्शक होते.