गावात नवीन बाप्टिस्ट मिशन मंडळी सुरू करायची आहे. बाहेरच्या संस्थेचा पैसा घ्यावा का, आणि गावाचा आधार कसा मिळवावा?

तुम्ही लिहिलंय की खानापूर तालुक्यातल्या तुमच्या गावात सहा घरं तयार आहेत आणि एक संस्था बांधकामाला पैसे द्यायला बसली आहे. पैशाचं आधी सांगते. इमारतीसाठी आत्ता एक रुपया घेऊ नका. आमच्या घरात याच गोष्टीवरून भांडण झालं, आणि मी व माझा थोरला भाऊ आजही या विषयावर एकमेकांशी सरळ बोलत नाही.

आमचं गाव बेळगाव तालुक्यात, मार्कंडेय नदीच्या अंगाला. आम्ही अकरा जण माझ्या घरच्या सोप्यात बसायचो. शहरातली मूळ मंडळी महिन्यातून दोनदा पाळक पाठवायची, उरलेल्या रविवारी आमच्यातलंच कुणीतरी वचन वाचायचं. ना पेटी, ना जमखाना. एका रविवारी शेजारचे तात्या दारात आले. गावच्या भजनी मंडळाचे म्होरके, आयुष्यभर वारी केलेला माणूस. म्हणाले, "पेटी आमची रविवारी सकाळी पडूनच असते की. न्या." पुढच्या रविवारी ते उंबऱ्यावर बसून ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचे अभंग ऐकत होते. शेवटी बोलले, "चाल बरोबर हाय, ठेका चुकतोय तुमचा." तेव्हापासून त्यांचा पुतण्या तबल्याला बसू लागला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायाशी आलो, असं टिळक सांगत, ते मला पुस्तकातून नाही, त्या उंबऱ्यावर कळलं. तात्या शेवटपर्यंत माळकरीच राहिले. त्यांनी मंडळीत यावं म्हणून आम्ही कधी मागे लागलो नाही, आणि गावाचा विश्वास आमच्यावर बसला तो त्यामुळेच.

मग एका संस्थेचे गृहस्थ आले. मोठं मन दाखवलं, हॉल बांधून देतो म्हणाले. अटी तीन: फलक त्यांच्या नावाचा, दर तिमाहीला बाप्तिस्म्यांचा आकडा, आणि जागा ताबडतोब. दादा भरून पावला. ट्रस्ट अजून झाला नव्हता, म्हणून जागा दादाच्याच नावावर घेतली. मी नको म्हणत होते. "बाईमाणसाला व्यवहारातलं काय कळतं," हे त्या दिवशी मला भर सोप्यात ऐकावं लागलं. चौथरा झाला, दुसरा हप्ता आला, तिसरा आलाच नाही. आकडा कमी पडला होता. तीन पावसाळे त्या चौथऱ्यावर गवत वाढलं. पुढे दादाच्या मुलांची वाटणी झाली आणि चौथरा धाकट्याच्या हिश्शात गेला. आज तिथे त्याची गुरं बांधलेली असतात.

आकड्याचं जरा बोलते, कारण तुमच्या प्रश्नातही "वर्षात पन्नास" बाप्तिस्मे असं काहीतरी आहे. आपला बाप्टिस्ट मिशनरी विल्यम केरी १७९३ मध्ये बंगालात उतरला. हुगळी नदीत कृष्ण पाल या सुताराचा बाप्तिस्मा झाला २८ डिसेंबर १८०० ला. सात वर्षांनी पहिला माणूस! त्या काळात केरी भाषा शिकत होता. १८०५ मध्ये त्याचं मराठी व्याकरण छापून निघालं, १८११ मध्ये मराठी नवा करार. आपण त्याचं नाव सांगतो, तर तिमाहीचे आकडे कुणाला देत बसू नये. आणि भाषेवरून आपल्या भागात किती डोकी फुटली हे तुम्हाला मी सांगायला नको. आमच्याकडे उपासना मराठीत होते, दोन कन्नड घरं आहेत त्यांचं एक गीत आणि एक प्रार्थना कन्नडमध्ये. सगळे दोन्ही गातात. दुभाषा लावून इंग्रजी प्रवचन मात्र आणू नका, म्हाताऱ्या बायका झोपतात.

आमचं बांधकाम नंतर झालं, वेगळ्या जागेवर, ट्रस्टच्या नावावर. प्रत्येक घरात भात शिजवताना एक मूठ तांदूळ डब्यात टाकायचे. रविवारी डबे यायचे, तांदूळ गावच्या दुकानात विकायचा, पैसे वहीत. चिरे तात्यांच्या पडक्या गोठ्याचे. गवंडी लिंगायत, त्याने निम्मी मजुरी घेतली, कारण त्याची आई आजारी असताना आमच्या बायका आळीपाळीने रात्री तिच्या उशाशी बसल्या होत्या. स्लॅबची ऐपत नव्हती, पत्रे घातले. बारा बाय वीस फूट. पावसात वचन ऐकू येत नाही, तेव्हा आम्ही गातो.

बाप्तिस्म्यालाही गावच धावून आलं. नदीत उन्हाळ्यात गुडघाभर पाणी नसतं आणि आपल्याला तर पूर्ण बुडवूनच द्यायचा. एका शेतकऱ्याने आपली पायऱ्यांची विहीर दिली, वर पंप बंद ठेवून स्वतः उभा राहिला.

तर गावाचा आधार "कसा मिळवावा" याला माझ्याकडे युक्ती नाही. लग्नाला, मयताला, भातलावणीला तुम्ही गावात असता का, एवढंच बघा.

कागदाचं राहिलंच. जागा शेतीची असेल तर आधी एन. ए., म्हणजे बिगरशेती, करून घ्या. ट्रस्ट किंवा सोसायटी जागेच्या आधी, नंतर नाही. कर्नाटक राज्याच्या २०२२ च्या धर्मांतराच्या कायद्यात धर्मांतराआधी तीस दिवस जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज द्यायचा आहे. जून २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने तो कायदा मागे घ्यायचं ठरवलं. कुणालाही पाण्यात उतरवण्याआधी आज काय लागू आहे ते बेळगावच्या वकिलाकडून लेखी घ्या. अनुसूचित जातीच्या माणसाला १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाचं स्पष्ट सांगा: ख्रिस्ती झाल्यावर अनुसूचित जातीची सवलत जाते. हे लपवून केलेला बाप्तिस्मा मी बाप्तिस्मा मानत नाही. आणि बाहेरचा पैसा सगळाच वाईट असंही नाही. पाळकाच्या प्रवासाचा खर्च मूळ मंडळीने पहिली चार वर्षं दिला, तो नसता तर आम्ही टिकलो नसतो. पण आपल्यात वरून हुकूम द्यायला बिशप नाही, सभासद हात वर करून ठरवतात. पैसेवाल्याला तो हात विकू नका.

दादा आजही पाहुण्यांना सांगतो की संस्थेच्या पैशाने सुरुवात झाली म्हणून मंडळी उभी राहिली. दादा, तू हे वाचशील हे मला माहीत आहे. हिशेबाची वही माझ्या कपाटात आहे. पत्र्यांचा, चिऱ्यांचा, गवंड्याचा सगळा खर्च त्यात आहे, आणि जमेच्या बाजूला तांदूळ आहेत. एका रविवारी उपासनेनंतर थांब, आपण दोघं बसून वाचू.