तुम्ही विचारलंत : ‘ही तर गोष्ट झाली, अर्ज कुठंय?’

प्रश्न : मी बार्शी तालुक्यात एका वस्तीवर राहते. वस्तीवरचा बोअर बंद पडला म्हणून मी स्वतः चार पानी अर्ज लिहून दिला, खूप मन लावून लिहिला होता. तिथल्या माणसाने एक पान वाचलं आणि म्हणाला, ताई ही तर गोष्ट झाली, अर्ज कुठंय? मला फार लागलं ते. शाळेत माझ्या निबंधाला कायम चांगले मार्क असायचे. गोष्ट, निबंध, बातमी, अर्ज यात नेमका काय फरक असतो आणि चांगलं लिहिणं म्हणजे तरी काय? अर्जाची झेरॉक्स सोबत पाठवतेय. (एक वाचक, सोलापूर जिल्हा)

उत्तर : ताई नमस्कार. अर्ज दोनदा वाचला. आधी हे सांगते की तुम्हाला लिहिता येतं. सासूबाई सायकलच्या दोन्ही बाजूंना कळश्या अडकवून चढावर सायकल ढकलत आणतात आणि घरी पोचेपर्यंत निम्मं पाणी सांडलेलं असतं, हे वाचताना मला तो चढ दिसला. पण मोटार कधी जळाली ते मला तिसऱ्या पानावर खालून चौथ्या ओळीत सापडलं, आणि तुम्हाला नक्की काय करून हवंय ते चारही पानांत कुठंच नाही. अर्ज हातात घेणारा माणूस तेवढ्या दोनच गोष्टी शोधत असतो.

दहावीला उपयोजित लेखन होतं ना, पत्र, बातमी, जाहिरात, सारांश, कथा, आत्मवृत्त, वैचारिक लेखन वगैरे, ते आपण मार्कांसाठी पाठ केलं आणि सोडून दिलं. त्याच्या मुळाशी साधी गोष्ट आहे की लिहिणारा माणूस चारपैकी कुठलं तरी काम करत असतो. घडलेलं सांगतो (कथन), डोळ्यांपुढं उभं करतो (वर्णन), समजावून देतो (विवेचन) किंवा पटवून देतो (युक्तिवाद). स्कॉटलंडच्या अलेक्झांडर बेन यांनी १८६६ च्या लेखनावरच्या पुस्तकात असे कप्पे पाडले होते, त्यात पाचवा कवितेचा होता, पण शाळांमधून पहिले चारच जास्त रुळले. तुमचंच उदाहरण घ्या. मोटार कशी जळाली, मग लोक कुठं कुठं गेले, हे कथन. सासूबाई आणि तो चढ, हे वर्णन. बोअरला पाणी आहे पण मोटार ते वर ओढत नाही म्हणजे नेमकं काय बिघडलंय, हे विवेचन. आणि दुरुस्ती आत्ताच का व्हायला पाहिजे, हा युक्तिवाद. अर्ज हा मुळात युक्तिवाद असतो, बाकीचे तिघं तिथं साक्षीदार म्हणून येतात. तुमच्या अर्जात साक्षीदारच चार पानं बोलत राहिले आणि मागणी करायचीच राहून गेली.

पण म्हणून अर्जात भावना नको, प्रसंग नको, सगळं कोरडं करा, असं मी अजिबात म्हणणार नाही, कारण मराठीतलं मला माहीत असलेलं पटवून देणारं सगळ्यात जबरदस्त लेखन एका शाळकरी मुलीचं आहे आणि ते कोरडं नाहीये. मुक्ता साळवे, पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेली. तिचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. ती आधी तर्क मांडते की वेद आमचेच, ते आम्हीच पाहावे असं ब्राह्मण म्हणतात, मग आम्हाला धर्मपुस्तकच नाही असा त्याचा सरळ अर्थ होतो, तर देवा, आमचा धर्म कोणता ते तू सांग. आणि मग ती पेशवाईतल्या दुःखांकडे येते, की बाजीरावाच्या राज्यात मांग-महारांपैकी कोणी तालीमखान्यापुढून गेला तर गुलटेकडीच्या मैदानात त्याच्या डोक्याचा चेंडू आणि तलवारीचा दांडू करून खेळत. आता बघा, तिला नुसतं ‘आमच्यावर फार अन्याय झाला’ असं लिहिता आलं असतं. तिने गुलटेकडी लिहिलं, चेंडू लिहिलं, दांडू लिहिलं. पुण्यातल्या वाचकाला ते मैदान माहितीचं होतं, त्यामुळे त्याला ‘असं काही नसेल’ म्हणून सटकायला जागाच राहिली नाही. कथन आहे, वर्णन आहे, पण सगळं त्या एका प्रश्नाच्या मागे उभं आहे. चांगलं लिहिणं कशाला म्हणतात असं कुणी विचारलं की मी हाच निबंध पुढं करते.

तर तुमच्या सासूबाई अर्जात राहू द्या, पण दोन ओळीत, आणि मागणीच्या नंतर. सासऱ्यांच्या वेळच्या विहिरींचं दीड पान काढा. ते वाईट नाहीये, वेगळं जपून ठेवा, त्याचा छान लेख होईल. गोष्टीत आपण महत्त्वाचं राखून ठेवतो म्हणून माणूस पुढं वाचतो. बातमीत आणि अर्जात उलटं असतं, महत्त्वाचं आधी, कारण वाचणारा कुठल्याही ओळीला थांबू शकतो. तुमच्याबाबतीत तो पहिल्या पानाला थांबला.

सुरुवात अशी करून बघा, माहिती सगळी तुमच्याच कागदातली आहे : ‘विषय : वस्तीवरच्या बोअरची मोटार बदलून मिळणेबाबत. आमच्या वस्तीवर २३ घरं आहेत. पाण्यासाठी एकच बोअर आहे आणि त्याची मोटार ११ मार्चला जळाली. तेव्हापासून आम्ही दोन किलोमीटरवरून पाणी आणतो. मोटार बदलून द्यावी आणि ती बसेपर्यंत एक दिवसाआड टँकर पाठवावा, ही विनंती.’ झालं, एवढ्यात कुणालाही कळतं. मग खाली सासूबाई, मग वस्तीवरच्यांच्या सह्या.

आणि शेवटी तुम्ही लिहिलंय ‘तरी सदर बाबतीत योग्य ती कार्यवाही होणेस विनंती’, ते तेवढं काढाच. सगळे लिहितात म्हणून आपणही लिहितो, पण योग्य ती म्हणजे कुठली? ते समोरच्यावर सोडलं की कागद फाईलला लावणं हीसुद्धा कार्यवाहीच होते. हवंय ते नाव घेऊन मागा. अर्ज दोन प्रतीत न्या आणि आपल्या प्रतीवर आवक नंबर, तारीख, शिक्का घेतल्याशिवाय घरी येऊ नका. हे लेखनाच्या प्रश्नाचं उत्तर नाही हे मला कळतंय, पण पाण्याचा विषय आहे म्हणून सांगितलं.

प्रश्न : मी राज्यसेवेची तयारी करतोय. मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झालीय, निबंधाचा पेपर २५० मार्कांचा आहे. म्हणजे निबंधात वर्णन जास्त करायचं का? माझी भाषा तशी अलंकारिक आहे. (नांदेड)

उत्तर : नाही, आणि हा गोंधळ बऱ्याच मुलांचा होतोय. परीक्षेच्या संदर्भात वर्णनात्मक म्हणजे फक्त एवढंच की पर्यायाला गोल न करता उत्तर सविस्तर लिहायचं. वर्णन या लेखनप्रकाराशी त्याचा संबंध नाही. तुम्हाला तिथं मुख्यतः विवेचन आणि युक्तिवाद लागणार आहे, अलंकार नाही. महात्मा फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’च्या (१८८३) सुरुवातीच्या ओळी तुम्हाला पाठ असतीलच, विद्येविना मती गेली, मतीविना नीती गेली. त्यांच्याकडे एकदा निबंधाचा सांगाडा म्हणून बघा. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीचा शेवट धरून पुढं जाते, मती, नीती, गती, वित्त, त्यामुळे मधली एक जरी काढली तरी साखळी तुटते. आता तुमच्या जुन्या निबंधाच्या प्रत्येक परिच्छेदाची एक एक ओळ करा आणि खाली खाली लिहा. दोन ओळींची अदलाबदल करूनही काहीच बिघडत नसेल तर ती नुसती माहितीची रास आहे, युक्तिवाद अजून झालेला नाही.

प्रश्न : ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर लेखन वाईट ठरतं का? विचार महत्त्वाचा ना? आणी हे नियम नक्की कोणी केले? (एक शिक्षिका)

उत्तर : मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ मध्ये मान्य झाले, १९७२ मध्ये आणखी ४ आले, असे १८. विचार महत्त्वाचा हे अगदी मान्य आणि चुकांवरून कुणाच्या लिहिण्याला हिणवणं मला मुळीच पटत नाही, विशेषतः घरात पहिल्यांदा शिकलेल्या मुलांना. पण दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे गरीब, सुत म्हणजे मुलगा आणि सूत म्हणजे धागा, अशा ठिकाणी वेलांटी-उकार बदलला की अर्थही बदलतो, तिथं वाचक अडतो. वाक्य अडखळतंय का ते मोठ्याने वाचून कळतं, ऱ्हस्व-दीर्घ मात्र कानाला फारसं कळत नाही, त्यामुळे सगळं लिहून झाल्यावर शेवटची एक फेरी फक्त त्यासाठी ठेवावी, शब्दकोश शेजारी घेऊन. तुमच्या पत्रात प्रश्नाच्या शेवटी ‘आणी’ आलंय. शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ लिहायचा हा नियम बरोबर आहे, पण ‘आणि’ आणि ‘नि’ हे दोन त्याला अपवाद आहेत, ते ऱ्हस्वच.