साडेआठची भूक आणि अडतीस हजारांचा पगार

पत्र थोडक्यात असं: "मी ३६ वर्षांची, इंदूरला सुदामानगरात राहते. मुलगी ८ वर्षांची, मुलगा ४ वर्षांचा. विजयनगरला एका कंपनीत नोकरी करते, हातात ३८,००० येतात. मिस्टरांचा पगार ६२,०००. संध्याकाळी मुलाला पाळणाघरातून घेऊन घरी पोचायला साडेसात वाजतात आणि मग ओट्याशी उभं राहवत नाही. आठवड्यातले चार-चार दिवस बाहेरून मागवतो. परवा मुलीनं विचारलं, 'आई, आज काय मागवायचं?' आज काय केलंयस, असं तिनं शेवटचं कधी विचारलं ते मला आठवेना. त्याच रात्री ठरवलं, नोकरी सोडायची आणि मुलांना घरचं खायला घालायचं. मागवण्याचे पैसे वाचतील, पाळणाघराचे वाचतील, जमलं तर दहा-बारा डबेही करीन. स्वयंपाकाला मावशी बघितल्या, पण संध्याकाळच्या एका वेळेचे ४,५०० सांगितले, ते मला फार वाटले. महिनाअखेर राजीनामा देणार आहे. हिशेब बरोबर आहे ना?"

ताई, तुमच्या मुलीचा तो प्रश्न मी दोनदा वाचला. तुम्हाला तो लागला यात काहीच नवल नाही. मुलांनी घरचं खावं, गरम खावं, ताटावर चौघांनी एकत्र बसावं, यासाठी पैसे खर्च करायला मी कधीही कुणाला नाही म्हणत नाही. पण राजीनाम्याचा कागद अजून दिला नसेल तर थांबा. हिशेब बरोबर नाही, आणि थोडाथोडका चुकलेला नाही.

आधी तुम्ही पाठवलेले तीन महिन्यांचे व्यवहार. मी ते ओळ न ओळ पाहिले. एकूण ८४ ऑर्डरी, ४०,२०० रुपये. त्यातल्या २३ शनिवार-रविवारच्या आहेत, त्या बाजूला ठेवा. चौघांनी रविवारी छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत जाऊन काही खाल्लं किंवा घरी काही मागवलं तर त्याचा हिशेब मला नको आहे. १४ ऑर्डरी तुमच्या ऑफिसातल्या दुपारच्या. उरल्या ४७. या सगळ्या सोमवार ते शुक्रवार, आणि सगळ्या रात्री सव्वाआठ ते सव्वानऊच्या मधल्या. एकही सातची नाही, एकही दहाची नाही. एका मंगळवारची घ्या, ८ वाजून ४२ मिनिटं: पनीरची एक भाजी, सहा तंदुरी रोट्या, मुलीसाठी चाऊमीन. खाण्याचे ४९८, वर पॅकिंग, डिलिव्हरी वगैरे धरून ११४, एकूण ६१२. आणि त्याच आठवड्याबद्दल तुम्हीच लिहिलंय की रविवारी चोइथराम मंडीतून आणलेल्या मेथीच्या दोन जुड्या गुरुवारी पिवळ्या पडून टाकाव्या लागल्या.

म्हणजे घरात भाजी होती. डाळ, तांदूळ, पीठ होतं. ती निवडायला, चिरायला, फोडणीला टाकायला साडेसात ते नऊ या वेळात कुणाचा हात रिकामा नव्हता. तुमच्या घराला कमी पडतो तो संध्याकाळचा दीड तास. त्या ४७ ऑर्डरींचे साधारण २४,००० होतात, महिन्याला ८,०००. हा दीड तास विकत घेण्यासाठी तुम्ही पूर्ण नोकरी द्यायला निघाला आहात.

आता तुमच्या घरखर्चाचे आकडे. दोघांचे मिळून १,००,००० येतात. त्यातून घराचा हप्ता २४,५००, दोघांच्या शाळेचे ९,५००, किराणा-दूध-भाजी १७,०००, मागवणं आणि बाहेर खाणं १३,४००, एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा टाकायची ठरावीक रक्कम) १०,०००, पाळणाघर ४,५००, आणि पेट्रोल, वीज, मोबाइल, धुण्याभांड्याच्या बाई वगैरे ११,०००. हे झाले ८९,९००. उरतात १०,१००, आणि तेही उरत नाहीत हे तुम्हाला माहीत आहे. एप्रिलमध्ये सालभराचे गहू भरायचे असतात, कुणाचं लग्न निघतं, दिवाळी येते, मुलगा तापानं पडतो.

नोकरी सोडली तर काय वाचेल? संध्याकाळच्या ऑर्डरींचे ८,००० आणि ऑफिसातल्या दुपारच्या खाण्याचे २,०००. पाळणाघराचे ४,५००. तुमच्या गाडीच्या पेट्रोलचे आणि इतर येण्याजाण्याचे २,५००. एकूण १७,०००. पण घरी शिजवलेलं अन्नही फुकट येत नाही. तेल, तूप, दूध, भाजी, गॅस, सगळं वाढेल, त्याचे निदान ३,००० धरा. निव्वळ वाचले १४,०००. खर्च येतो ७५,९०० वर आणि घरात येणार ६२,०००. दर महिन्याला १३,९०० कमी. पोरांच्या शिक्षणाची एसआयपी पूर्ण बंद केलीत तरी ३,९०० कमीच पडतात. ते कुठून आणणार? क्रेडिट कार्डावर भाजी आणायची वेळ येईल, आणि ती वेळ आलेली घरं मी पाहिलेली आहेत.

एसआयपीबद्दल एक सांगतो, कारण घाईत लोक आधी तिचाच बळी देतात. दरमहा १०,००० दहा वर्षं टाकले आणि वर्षाला १० टक्के वाढ धरली तर साधारण २० लाख होतात. बाजार असा हिशेबानं चालत नाही, कमीजास्त होईल. पण तुमची मुलगी दहा वर्षांनी बरोबर १८ ची होणार आहे.

हातात येणाऱ्या पगारात न दिसणारं नुकसान वेगळंच. तुमच्या पगारातून पीएफचे १,८०० कापले जातात आणि कंपनी तितकेच घालते. म्हणजे हातात येणाऱ्या ३८,००० खेरीज ३,६०० दरमहा तुमच्या नावावर साठतात, ते थांबतील. त्याहून जिव्हारी लागणारी गोष्ट ग्रॅच्युइटीची, म्हणजे नोकरी सोडताना कंपनीनं द्यायच्या एकरकमी पैशांची. कायम नोकरीत सलग ५ वर्षं झाल्यावर ती मिळते, आणि तुम्हाला झालीत ४ वर्षं ४ महिने. मूळ पगार २०,००० असेल तर त्याला १५ नं गुणून २६ नं भागायचं आणि वर्षांनी गुणायचं, की ५७,६९२ रुपये. हे पैसे तुम्ही जवळजवळ कमावलेले आहेत आणि आठ महिने आधी टेबलावर सोडून उठताय. नेमणूकपत्र काढा आणि रुजू झाल्याची तारीख आजच बघून घ्या.

आणि आरोग्यविमा. तुमच्या पत्रात एका ओळीत आलं की चौघांचा विमा तुमच्या ऑफिसातर्फे आहे आणि मिस्टरांच्या कंपनीत तसं काही नाही. नोकरी गेली की तो विमाही जातो. बँकेत तुमची ठेव १,१०,००० ची. एसआयपी सोडून तुमचा महिन्याचा खर्च ८०,००० च्या आसपास, म्हणजे ही ठेव दीड महिनाही पुरणार नाही. मुलाला चार दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं तर ती तिथेच संपेल. तुम्ही नोकरी ठेवा किंवा सोडा, चौघांची स्वतःची फॅमिली फ्लोटर पॉलिसी (सगळ्या कुटुंबाला मिळून एकच विमा) याच महिन्यात घ्या. नव्या पॉलिसीत पहिले ३० दिवस अपघात सोडून कशाचे पैसे मिळत नाहीत, आणि आधीपासूनच्या आजारांसाठी ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, म्हणून हे काम पुढं ढकलायचं नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा जीएसटी शून्य झाला आहे, तेवढा हप्ता हलका झालाय. मिस्टरांना मधुमेह आहे, तो अर्जात स्पष्ट लिहा. लपवलं तर ऐन वेळी दावा फेटाळला जाऊ शकतो.

तर नोकरी सोडण्याची खरी किंमत: पगार ३८,००० वजा वाचलेले १४,०००, म्हणजे २४,०००, अधिक पीएफचे ३,६००. एकूण २७,६०० दरमहा. महिन्यातले २२ कामाचे दिवस, रोजचा दीड तास, म्हणजे ३३ तास. तासाला आठशेच्या वर.

आणि मावशींनी तोच तास ४,५०० रुपये महिन्यानं देऊ केला, तो तुम्हाला महाग वाटला.

का वाटला ते मला कळतं. आपल्या घरांत स्वयंपाकाला बाई ठेवणं ही चैन मानतात आणि आईनं दमून भागून रांधणं हे प्रेम मानतात. तुम्ही ४,५०० ची तुलना शून्याशी केलीत, कारण तुमच्या श्रमाची किंमत घरात कुणीच लावत नाही, तुम्हीसुद्धा नाही. ती तुलना ८,००० च्या ऑर्डरींशी करा. मावशी आल्या, संध्याकाळच्या ऑर्डरी थांबल्या, तर ८,००० वाचले. मावशींचे ४,५०० गेले, किराणा २,५०० नं वाढला. हातात राहिले १,०००. यातून तुम्ही श्रीमंत होणार नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. महिन्याला हजार म्हणजे जवळजवळ बरोबरी. पण त्या बरोबरीत तुमच्या मुलांच्या ताटात तव्यावरचा फुलका येतो, मेथी पिवळी पडायच्या आत कढईत जाते, नोकरी राहते, विमा राहतो, एसआयपी चालू राहते.

मावशींना काय काम द्यायचं तेही ठरवा. पोळ्या, एक भाजी, आणि दुसऱ्या दिवशीची भाजी निवडून चिरून फ्रिजमध्ये. एवढंच. वरण-भाताचा कुकर घरातल्या माणसानं लावायचा. आणि इथं मला तुमच्या मिस्टरांबद्दल बोलायचंय. तुम्ही लिहिलंय की ते पावणेसातला घरी असतात. तुम्ही साडेसातला येता. मधले ४५ मिनिटं घरात एक धडधाकट माणूस आहे, आणि तुमच्या दोन पानी पत्रात त्यांच्या हाताचा कुठंही उल्लेख नाही. "तू ठरव" म्हणणं सोपं असतं. माझी आई शाळेत शिक्षिका होती, दुसऱ्या पाळीची, घरी यायला तिला सात व्हायचे. बाबा कोर्टात कारकून. ते साडेसहाला डाळ-तांदूळ धुऊन कुकर चढवायचे आणि शिट्ट्या मोजायचं काम माझ्याकडे असायचं. आई आली की पोळ्या ती करायची, आणि जेवताना आम्ही चौघं असायचो. त्यात कुणी मोठा त्याग केला असं कुणाला वाटत नव्हतं. अर्धा तास कमी दमलेली आई ताटावर बसली की मुलांना किती फरक पडतो, ते मी स्वतः अनुभवलंय. हे पत्र मिस्टरांना वाचायला द्या.

सकाळी मूग किंवा मटकी भिजत घातली, भाजणी घरात असली, तर मावशी न आलेल्या दिवशीही खिचडी नाहीतर थालीपीठ होतंच. हे मी तुम्हाला शिकवायची गरज नाही. सांगायचंय ते एवढंच, की मावशी महिन्यातून तीन-चार दांड्या मारणार हे हिशेबात आधीच धरा, आणि त्या दिवशी पुन्हा मोबाइल हातात घेतलात तर स्वतःला दोष देऊ नका. महिन्याला बाहेरच्या खाण्याचे ५,४०० बाजूला ठेवलेत, तेवढ्यात ते बसतं.

डब्यांचं म्हणाल तर ते सध्या नको. भंवरकुआं भागात क्लासची मुलं आहेत, मागणी आहे, हे खरं. पण १२ डबे म्हणजे रोज सकाळ-संध्याकाळ १२ माणसांचा स्वयंपाक. त्यासाठी एफएसएसएआयची, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा खात्याची, नोंदणी लागेल, घरगुती गॅस धंद्यासाठी वापरता येत नाही म्हणून व्यावसायिक सिलिंडर लागेल, डबे पोचवायला माणूस लागेल. संध्याकाळी सात ते नऊ तुम्ही दुसऱ्यांच्या मुलांसाठी ओट्याशी असाल. ज्या वेळेसाठी नोकरी सोडली तीच वेळ डब्यांना जाईल.

माझं उत्तर कायमचं नाही. मिस्टरांचा हातात येणारा पगार ७६,००० झाला, सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडला आणि विमा स्वतःचा झाला, की पुन्हा लिहा. तेव्हा कदाचित मीच म्हणेन, सोडा. आणि तुम्हाला नोकरीच नकोशी झाली असेल, तिथलं काम किंवा माणसं सोसत नसतील, तर तेही स्पष्ट लिहा. ते कारण मी कमी मानत नाही, फक्त त्याचा हिशेब वेगळा मांडावा लागतो आणि त्याला स्वयंपाकाचं नाव देऊन चालत नाही. तोवर ऑफिसात विचारून बघा, दहा ते साडेसहाऐवजी नऊ ते साडेपाच जमेल का. साडेसहाला विजयनगरहून निघणं आणि साडेपाचला निघणं यात रस्त्यावरच अर्धा तास सुटेल.

मावशींना सोमवारपासून बोलवा आणि तीन महिने हे करून बघा. मग तेच व्यवहार मला पुन्हा पाठवा. साडेआठच्या किती उरल्या, ते मला बघायचंय.