बाई, गुडघा बाहेर

प्रश्न : मावशी, मी 46 वर्षांची. दापोली तालुक्यात, किनाऱ्यावरच्या गावात झेडपीच्या शाळेत शिकवते. तीन वर्षांपूर्वी शुगर वाढली म्हणून समाजमंदिरातल्या कराटे क्लासला जायला लागले. आता ब्राऊन बेल्टची परीक्षा तोंडावर आलीय. हेयान गोदान या ठरलेल्या हालचालींच्या क्रमातली उडी जमत नाही, गुडघा दुखतो. मिस्टर ‘आमची ब्रूस ली’ म्हणून चिडवतात. सेन्सेई, म्हणजे आमचे कराटेचे गुरू, दापोलीहून आठवड्यातून एकदाच येतात. सध्या बाकीचे दिवस क्लास घेतो तो माझाच जुना विद्यार्थी. 19 वर्षांचा आहे, बापाच्या बोटीवर जातो. सगळ्या पोरांसमोर म्हणतो, ‘बाई, गुडघा बाहेर.’ क्लास सुटल्यावर मी लादी पुसायला घेतली की हातातलं फडकं काढून घेतो. चौथीत असताना मी त्याला वर्गासमोर ‘तुझ्या डोक्यात मासळीच भरलीय’ म्हटलं होतं. असो. या वयात पोरासोरांकडून शिकायचं म्हणजे कमीपणा वाटतो. सोडून देऊ का?

उत्तर : बाई (मीही हेच म्हणते, दुसरं काही तोंडात येत नाही),

आधी गुडघ्याचं उरकून टाकू. जिना उतरताना दुखत असेल, सूज येत असेल, तर परीक्षेआधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. सेन्सेईंना स्पष्ट विचारा, की उडीऐवजी पाऊल टाकून तीच जागा घेतली तर चालेल का. वय झालेल्यांना पुष्कळ ठिकाणी तशी मुभा देतात. पावसात लादीला ओल सुटते, तिच्यावर उड्या मारायचा हट्ट नको. आणि तो मुलगा म्हणतो ते बरोबर आहे. पुढच्या पायावर वजन घेताना गुडघा आत पडला की सांध्याला पीळ बसतो. तो तुमचा गुडघाच वाचवतोय.

मिस्टरांना एवढंच सांगा, की ब्रूस ली कराटेवाला नव्हता, त्याचं कुंग फू.

आता कमीपणाचं. दोजोत, म्हणजे कराटेच्या वर्गात, रांग लागते ती पट्ट्याप्रमाणे, वयाप्रमाणे नाही, हे तीन वर्षांत तुम्हाला माहीत झालंय. तेव्हा ‘या वयात’ हे कारण मला पटलं नाही. फुनाकोशी गिचिन हे नाव तुमच्या क्लासात येत असेलच, भिंतीवर फोटोही असेल. ते ओकिनावातले शाळामास्तर. 1922 साली कराटे दाखवायला टोकियोला गेले तेव्हा त्रेपन्न वर्षांचे होते, आणि तिथलेच झाले. तुम्ही जिच्यावर अडखळताय ती हेयानची मालिका त्यांचे गुरू इतोसू यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बसवली, ती ओकिनावातल्या शाळकरी मुलांसाठी. म्हणजे मास्तरांनी पोरांना शिकवायच्या गोष्टीत तुम्ही उलट्या बाजूने शिरलायत. मला तर याची गंमत वाटली. तुम्हाला वाटत नाहीये, कारण समोर उभा आहे तो कुणी परका पोरगा नाही.

गुडघा, शुगर, उडी, मिस्टर, सगळ्यावर तुम्ही लिहिलंत. चौथीतल्या त्या प्रसंगावर एक वाक्य लिहिलंत आणि लगेच ‘असो’. आपण बायका ‘असो’ कुठे म्हणतो ते मला चांगलं ठाऊक आहे. ते वाक्य साधं नव्हतं, बाई. बंदरावरच्या पोराला वर्गासमोर मासळीवरून बोलणं म्हणजे त्याच्या एकट्याच्या डोक्याबद्दल बोलणं नाही. त्यात त्याचा बाप आला, आई आली, सगळी वाडी आली. तुमच्या मनात तसं नसेलही. त्या दिवशी वर्गात कुणीतरी हसलं असणार, आणि तो हसणारा त्याच्या लक्षात असणार.

मी स्वतः बावीस वर्षं फळ्यासमोर काढली. माझ्या खात्यावरही अशी दोन-तीन वाक्यं आहेत. त्यातला एकजण अजून चिपळूणच्या स्टँडवर भेटला की वाकून नमस्कार करतो, आणि दर वेळी मला वाटतं, याला आठवत असेल का? विचारायचा धीर मला अजून झालेला नाही. म्हणून तुम्हाला सांगते ते उंचावरून सांगत नाहीये.

तुमच्या वेळी तो मुलगा वर्गासमोर उभा होता, आता तुम्ही पोरांसमोर उभ्या आहात. पण तो तुम्हाला ‘बाई’ म्हणून हाक मारतो, चूक सांगतो आणि पुढच्याकडे वळतो. तुमच्या डोक्यात काय भरलंय ते काढत नाही. मला वाटतं तुम्हाला खरं झोंबतंय ते हे. त्याने सूड घेतला असता तर तुम्ही तो क्लास केव्हाच सोडला असता, आणि मनाला लावूनही घेतलं नसतं.

फडक्याचं मात्र मला वेगळं वाटतं. तिथे तो चुकतो. दोजोत जमीन सगळ्यांनी पुसायची असते, त्यात बाईही आल्या. तो अजून तुम्हाला खुर्चीत बसवतोय. पुढच्या वेळी फडकं सोडू नका. ‘दे इकडे, मीही पुसणार’ म्हणा आणि खाली बसा. पोरं बाहेर चपला शोधत असतात, तेवढी पाच मिनिटं तुम्हाला मिळतील.

तेव्हा बोला. पोरांसमोर नको, परीक्षेच्या दिवशी तर नकोच. दहा माणसांत माफी मागितली की समोरच्याला ‘जाऊ द्या हो बाई’ म्हणावंच लागतं. ‘तेव्हा तू लहान होतास’, ‘माझ्यावर ताण होता’ यातलं काही जोडू नका. ‘चौथीत मी तुला अमुक म्हटलं होतं, ते चुकलं माझं’ एवढंच. तो म्हणेल आठवत नाही. खरं म्हणत असेल, नसेलही. उकरून विचारू नका, उरलेली लादी पुसा.

आणि उशीर करू नका. 31 जुलैला मासेमारीची बंदी संपते. सध्या बोटी उभ्या आहेत म्हणून तो रोज संध्याकाळी क्लासला मिळतोय. ऑगस्ट लागला की तो बापाबरोबर दर्यावर, आणि मग कुठल्या वारी किनाऱ्याला असेल ते त्यालाही सांगता येणार नाही.

क्लास सोडायचा की नाही, ते त्यानंतर ठरवा. परीक्षेची फी भरली असेल तर उडीचंही त्यालाच विचारा, समोर उभं राहून दोनदा करून दाखव म्हणावं. तो ‘बाई’ म्हणूनच दाखवेल. ती हाक त्याला बदलायला सांगू नका.

— मावशी