कॅम्डेनचे पहिले ड्राइव्ह-इन चित्रपटगृह बंद का पडले?

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, कॅम्डेन शहरालगत, रिचर्ड हॉलिंग्सहेड यांनी 6 जून 1933 रोजी गाडीत बसूनच चित्रपट पाहण्याचे हे चित्रपटगृह सुरू केले, आणि ते जेमतेम तीन वर्षे चालले. घराच्या आवारात मोटारीच्या बॉनेटवर प्रोजेक्टर ठेवून, झाडांना पडदा ठोकून आणि पावसात काच कशी दिसेल हे पाहण्यासाठी चक्क बागेतला फवारा गाडीवर सोडून त्यांनी आधी प्रयोग केले होते. खरी कल्पकता मात्र जमिनीच्या उतारात होती: गाडीची पुढची चाके उंचवट्यावर चढत, त्यामुळे मागच्या रांगेतल्यांनाही पुढच्या टपांवरून पडदा दिसे. याच रचनेचे पेटंट त्यांना मिळाले, जे 1949 मध्ये अपील न्यायालयाने अवैध ठरवले.

तिकिटाचा दर गाडीमागे 25 सेंट आणि माणशी 25 सेंट असा होता. अडचण ध्वनीची होती. गाडीत लावायचे छोटे स्पीकर तेव्हा नव्हते, त्यामुळे पडद्याजवळच्या कर्ण्यांचा आवाज मागच्या रांगांपर्यंत उशिरा पोहोचे, शेजाऱ्यांना मात्र विनातिकीट ऐकू जाई. त्यातच चित्रपट जुने आणि त्यांचे भाडे चढे, त्यामुळे माझ्या मते हा हिशेब जुळणे अवघडच होते.